नसही ठीक, स्नायूही ठीक

निवृत्त झाल्यापासून माणसं विचारतात, "तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करत होता?" मी सांगते, "लोकांना शॉक देत होते." समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे बघून हसू आवरतं घेतो. पण त्यात खोटं काही नाही. बीडच्या बसस्थानकामागं एका खासगी दवाखान्यात मी सबंध नोकरी नसांच्या तपासणीत घालवली. हाताला मुंग्या येतात, मूठ वळत नाही, पाऊल फरफटतं, अशा माणसांना डॉक्टर माझ्या खोलीत पाठवायचे. मी त्यांच्या कातडीवर जेली लावून चकत्या चिकटवायची, नसेवर विजेचा बारीकसा झटका द्यायची आणि स्क्रीनवर उमटणारी लाट बघायची. नस किती वेगानं निरोप नेते आणि निरोप मिळाल्यावर स्नायू किती जोर दाखवतो, एवढं त्या मशीनवर कळतं.

आमच्या भागात या तपासणीला सरसकट 'करंट' म्हणतात. "करंट घ्यायला आलोय," म्हणतच माणसं आत येत. माझं माहेर धारूरचं आहे हे कळल्यावर तिकडचे एक आजोबा हक्कानं म्हणाले, "लेकी, माहेरच्या माणसाला जरा जास्तीचा दे." बॅटरी चार्ज करावी तशी मी अंगात ताकद भरते, अशी त्यांची समजूत होती. एक तालमीतला पैलवान पहिल्या झटक्यालाच टेबलावरून उडी मारून अंगावरच्या वायरींसकट बाहेरच्या बाकापर्यंत पळाला होता. नारायणगडाचं दर्शन घेऊन थेट दवाखान्यात आलेल्या एका बाईंनी मनगटावरचा अंगारा काही पुसू दिला नाही. मग मी चकती बोटभर बाजूला लावली. लाट छान आली. दोघींचंही समाधान झालं.

नवख्या माणसाला मी हे काम असं समजावत असे. नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. नस ही बारीक तंतूंची जुडी असते. त्यातल्या बऱ्याच तंतूंवर चरबीचं वेष्टन असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. वेष्टन झिजलं की निरोप रेंगाळतो. आतला तंतूच तुटला तर निरोप पोचत नाही. स्नायू हीसुद्धा जुडीच, पण धाग्यांची. धाग्यांत आणखी बारीक धागे असतात आणि ते एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून आत सरकवा, तसंच. धागे सरकले की स्नायू आखूड होतो, हाड ओढलं जातं आणि आपण म्हणतो, हात उचलला. तेव्हा बिघाड एक तर नसेत, नाही तर स्नायूत. ऐकायला किती स्वच्छ आहे! मलाही ते वर्षानुवर्षं स्वच्छच वाटत होतं. मग रशीदभाई आले आणि माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता निवळलेला नाही.

रशीदभाई एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस. गाण्याची मुख्य चाल क्लॅरिनेटवर असते, बाकीचा बँड तिच्या मागनं चालतो. म्हणजे तेच बँडचा कणा. त्या सकाळी त्यांच्याबरोबर त्यांची बायको जुबेदा होती आणि बँडचे मालक बबनराव होते. बबनराव मूळचे चौसाळ्याचे. वरातीत ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा चढलेला.

डॉक्टरांनी विचारायच्या आधीच बबनराव बोलू लागले, "डॉक्टर, सरळ सांगतो. हा प्यायला लागलाय. वरात निघताना ठीक असतो. मांडव जवळ आला की डोळे मिटाया लागतात, जीभ जड होती, सूर कुठल्या कुठं. ह्याच्या आधीचा माझा ट्रम्पेटवाला दारूनंच गेला. त्याला खांदा दिलाय मी. ह्याला न्हाई द्यायचा."

जुबेदा तिथल्या तिथं उसळली. "घरात थेंब येत न्हाई, मॅडम. जेवताना हा माणूस हातानं जबडा धरून चावतोय. दारुडा जबडा धरून जेवतो का?"

रशीदभाई खाली बघत म्हणाले, "ओठ धरत न्हाईत, मॅडम. हवा नाकातनं निघून जाती. सकाळी उठलो की एकदम झकास. संध्याकाळी कावून असं होतंय, तेच समजंना."

ती सकाळच होती. डॉक्टरांनी त्यांना हात दाबायला सांगितला, तर रशीदभाईंनी असा दाबला की डॉक्टरच म्हणाले, "बास, बास." डोळे उघडे, बोलणं स्पष्ट. मग माझी पाळी. मी हाताच्या नसा बघितल्या, पायाच्या बघितल्या. प्रत्येक झटक्याला लाट अशी सुरेख उठत होती की शिकवायला वापरावी. नस ठीक, स्नायूही ठीक. रिपोर्टमध्ये डॉक्टरांनी लिहिलं, नॉर्मल.

बबनरावांनी तो कागद असा हातात घेतला जणू कोर्टाचा निकालच लागला होता. "बघा! मशीन सांगतंय, ह्याला काई झालेलं न्हाई. मग ऱ्हायली काय, बाटलीच ना?"

"तुमच्या मशीनला काय ठावं," जुबेदा मला म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली.

मी कितीतरी वेळ ती लाट परत परत बघत बसले. रिपोर्टमध्ये चूक नव्हती. जुबेदाही खोटं बोलत नव्हती, एवढं बायकोच्या चेहऱ्यावरून बाईला कळतं. दारूचा वास तर मला आला नव्हताच. पण सकाळी बरं आणि संध्याकाळी आजारी, असा लकवा कुठं असतो? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्याही डोक्यात बसत नाही. दर गुरुवारी न्यूरोलॉजिस्ट येतात ना, त्यांच्या कानावर घालतो." छत्रपती संभाजीनगरहून आठवड्यातून एकदा एक मेंदू-नसांचे डॉक्टर आमच्याकडे येत. मोठे डॉक्टर म्हणायचो आम्ही त्यांना.

पण गुरुवार यायच्या आधीच आमच्या गल्लीतून एक वरात निघाली. दिवस मावळत होता. मी ओट्यावर उभी होते. लांबूनच क्लॅरिनेट ऐकू आलं आणि मला कळलं, रशीदभाई. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. वाजवत होते मात्र काय गोड! मला वाटलं, चला, बरा झाला माणूस.

वरात आमच्या कोपऱ्यावर थांबली. पोरं नाचायला लागली, एक गाणं झालं की दुसरं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस विझत गेला. आधी सूर फाटला. मग गालातून हवा सुटल्याचा आवाज. पापण्या खाली आल्या. डावी जास्त, उजवी कमी. मान पुढं कलली, एवढी की त्यांनी एका हातानं हनुवटीला आधार दिला. एका हातानं क्लॅरिनेट कसं वाजणार? ते थांबले. सबंध बँड अडखळत थांबला.

"पिलाय बे हा!" नवरदेवाच्या मित्रांपैकी एकजण ओरडला. दुसऱ्यानं त्यांना ढकललं. बबनराव मध्ये पडले, पण तेही रशीदभाईंवरच ओरडत होते. रशीदभाई काहीतरी सांगू बघत होते आणि शब्द सगळे नाकातून, गेंगाणे, एकमेकांत मिसळलेले. खरं सांगते, मी ओळखत नसते तर मीही म्हणाले असते, प्यायलाय.

मी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि तोंडाशी नाक नेलं. शेजारच्या बायका बघत होत्या, बघोत. वास नव्हता. मी पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि पाणी नाकातून परत आलं. तेव्हा मात्र मी घाबरले. मी त्यांना म्हटलं, "आता काही पिऊ नका, बोलूही नका. नुसतं बसा."

वरात दुसऱ्या वाजंत्र्यांच्या भरवशावर पुढं गेली. रशीदभाई भिंतीला डोकं टेकून बसून राहिले. मी आत जाऊन कुकर उतरवला, परत आले, तर त्यांच्या पापण्या वर गेलेल्या. ते अगदी स्पष्ट म्हणाले, "ताई, मी पितो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय होतंय मला?"

 गेलेली ताकद नुसतं बसल्यानं परत येते, हे मी तोवर कुठल्याच रुग्णात पाहिलेलं नव्हतं.

गुरुवारी मी जे पाहिलं ते जसंच्या तसं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते ऐकताना पेन खाली ठेवून बसले. म्हणाले, "त्यांना संध्याकाळी बोलवा. येताना वाद्य घेऊन या म्हणावं. आणि मालकांनाही बोलवा."

संध्याकाळी दवाखान्याच्या अंगणात रशीदभाईंना खुर्ची दिली. डॉक्टर म्हणाले, "वाजवा. ओठ थकेपर्यंत वाजवा." असलं औषध कुणी ऐकलंय? बाकीचे रुग्ण बाहेर आले, मेडिकलवालाही दुकान सोडून आला. गाण्यामागून गाणं झालं. लोक माना डोलवत होते. बबनराव हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे होते. मग तसंच घडलं. सूर फाटला, हवा सुटली, पापण्या उतरल्या. डोलणाऱ्या माना थांबल्या. जुबेदानं पदर तोंडाला लावला.

मोठ्या डॉक्टरांनी शेजारच्या रसवंतीतून बर्फ मागवला. रुमालात गुंडाळून तो रशीदभाईंच्या डाव्या, जास्त मिटलेल्या डोळ्यावर धरला. आम्ही सगळे नुसते बघत होतो. थोड्या वेळानं रुमाल काढला, तर तो डोळा उघडला होता! उजवा मात्र होता तसाच झुकलेला.

"बबनराव," डॉक्टर म्हणाले, "बर्फानं दारू उतरत नाही."

 बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

मग मोठ्या डॉक्टरांनी एक वेगळी तपासणी करायला सांगितली. आमच्याकडे क्वचितच लागणारी. एकच झटका द्यायचा नाही. मानेजवळच्या एकाच नसेला ओळीनं झटके द्यायचे आणि खांद्याचा स्नायू काय करतो ते बघायचं. चांगल्या माणसाच्या लाटा एका उंचीच्या येतात. रशीदभाईंची पहिली लाट उंच आली. दुसरी तिच्याहून बुटकी. तिसरी आणखी. मला वाटलं चकती सुटली. मी ती पुन्हा चिकटवली, पुन्हा झटके दिले. परत तसंच. नस निरोप नेत होती आणि स्नायू मात्र दरवेळी थोडा कमी ऐकत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आले होते. पण त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी लागला. नस स्नायूला जाऊन चिकटलेली नसते. दोघांमध्ये फट असते, डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. नस आपल्या टोकाशी एका रसायनाचा शिडकावा करते, स्नायूच्या अंगावरच्या बारीक बारीक जागा ते झेलतात आणि मग स्नायू हलतो. रशीदभाईंच्या शरीरानं स्वतःच झेलायच्या त्या जागा मोडायला घेतल्या होत्या. उरलेल्यांवर सकाळचं काम भागायचं. दिवसभर वापर झाला की शिडकावाही कमी पडायचा आणि जागा तर आधीच कमी. थंडाव्यानं ते रसायन फटीत जरा जास्त टिकतं, म्हणून बर्फानं डोळा उघडला होता. नसही ठीक, स्नायूही ठीक, आणि बिघाड त्या मधल्या फटीत. इतकी वर्षं मी बिघाड एक तर इकडं नाही तर तिकडं शोधत होते.

रशीदभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरसाब, माझंच अंग माझ्यावर कावून उलटलं?"

"अंगाची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती चुकून आपल्याच माणसाला परकं समजते."

"चुकून म्हंजे? कशानं चुकली?"

डॉक्टर म्हणाले, "ते आम्हाला अजून नीट माहीत नाही."

मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकून मला आणखीच गोंधळल्यासारखं झालं. रशीदभाईंना मात्र त्याचा धीर आला असावा. ते म्हणाले, "म्हंजे माझी काई चूक न्हाई."

फटीतलं ते रसायन जास्त वेळ टिकवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की थोड्याच वेळात पापणी वर, जीभ मोकळी. जुबेदानं दवाखान्यात पेढे वाटले. बबनरावांनी त्यांना वरातीच्या पहिल्या टप्प्यापुरतं बोलवायला सुरुवात केली. मला वाटलं, संपली एकदाची गोष्ट.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी जुबेदा रिक्षातून त्यांना घेऊन आली. रशीदभाईंच्या तोंडातून लाळ गळत होती, शर्ट घामानं भिजला होता, दंडाचे आणि गालाचे स्नायू कातडीखाली वळवळत होते. आणि श्वास वरवरचा, चोरट्यासारखा. त्या दिवशी मोठी वरात होती. शेवटपर्यंत वाजवता यावं म्हणून त्यांनी सकाळपासून ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतल्या होत्या.

"एक सांगा, ताई," जुबेदा माझा दंड धरून विचारत होती, "गोळी कमी पडली का जास्त झाली?"

 रसायन कमी पडलं तरी स्नायू ढिले पडतात आणि त्याचा पूर आला तरी ढिलेच पडतात. लाळ आणि घाम बघून वाटावं जास्त झाली. झुकलेल्या पापण्या आणि बसलेला आवाज बघून वाटावं आजारच उसळला. आमच्या डॉक्टरांनी त्यांना एका दमात आकडे म्हणायला सांगितले. पाचाच्या पुढं दम गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "कमी की जास्त, ते तिकडं बघतील. आधी श्वास." मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि अॅम्ब्युलन्स मागवली.

अॅम्ब्युलन्स निघणार तेवढ्यात बबनराव धावत आले. वरातीच्या तयारीतून उठून आले होते, अंगावर बँडचा तोच लाल कोट, सोनेरी झालर, पायात पांढरे बूट. "मी येतो," म्हणाले.

मी विचारलं, "आणि वरात?"

"वाजवतील बाकीचे न्हाई तर न्हाई वाजवणार. सरका, वहिनी." आणि ते तसल्या पोशाखात रशीदभाईंच्या पायाशी जाऊन बसले.

तिकडं रशीदभाई बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर होते. पुढं त्या चुकलेल्या राखणीशी संबंध असलेल्या छातीतल्या एका ग्रंथीचं ऑपरेशन झालं, औषधं बदलली. बबनरावांनी मला नंतर सांगितलं की नळी घशात असताना रशीदभाई बोटांनी चादरीवर काहीतरी वाजवत असायचे आणि ते गाणं कुठलं हे ओळखत बबनराव शेजारी बसून राहायचे. त्या दुपारी नेमकं काय झालं होतं, गोळ्या जास्त झाल्या की आजार उसळला की दोन्ही एकदम, हे ठाम कुणीच सांगितलं नाही. मीही पुढं विचारायचं सोडलं.

रशीदभाई परत आले. वाळलेले, पण आपल्या पायांनी. वरातीचं वाजवणं सुटलं ते सुटलंच. आता ते सकाळी बँडच्या खोलीत बसून बाकीच्यांना चाली बसवून देतात, आणि दुपारी झोपतात. बरे झाले का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? काही दिवस कुणाला वाटणारही नाही की हा माणूस आजारी आहे. काही दिवस चपातीचा तुकडा चावायला मध्ये थांबावं लागतं. कुठला दिवस कसा निघेल ते त्यांना उठल्यावरही कळत नाही, असं जुबेदा सांगते.

मला या गोष्टीनं काय दिलं, तेही मला नीट मांडता येत नाही. त्यानंतर मी कुणाच्याही नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त झाले नाही, हे खरं. पण त्यामुळं मी जास्त हुशार झाले असंही नाही. उलट आधी मला पुष्कळ गोष्टी पक्क्या माहीत होत्या. पुढं प्रत्येक ढोंगी वाटणाऱ्या माणसाबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार करत बसायची आणि त्यातले काही खरोखरच ढोंगी निघायचे.

मी निवृत्त झाले त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या अंगणात छोटासा समारंभ होता. रशीदभाई क्लॅरिनेट घेऊन आले. बरोबर जुबेदा आणि बबनराव. कुणी सांगितलेलं नसताना रशीदभाई उभे राहिले आणि वाजवायला लागले. कुठलं गाणं होतं ते मला ओळखता आलं नाही. संथ चाल होती. अर्ध्यावर आल्यावर सूर थोडा हलला. त्यांनी वाद्य ओठांवरून काढलं, खुर्चीवर बसले, रुमालानं ओठ पुसले आणि डोळे मिटून घेतले.

लोकांना वाटलं, झालं. टाळ्या सुरू झाल्या. आमच्या डॉक्टरांनी शाल उचलली. मीसुद्धा उठायला निघाले होते.

बबनरावांनी दोन्ही हात वर केले. वरातीत ओरडणारा तो आवाज त्यांनी जमेल तेवढा खाली आणला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "संपलं न्हाई अजून."